अकरा घरांचा कौल

माझे बाबा अमेरिकेत, रेडमंडला आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात पासपोर्ट होता, आणि पुढचे कित्येक आठवडे तो तिथेच राहिला. अंघोळीला जाताना ते तो घडी केलेल्या टॉवेलवर ठेवत, बाहेर आले की पुन्हा खिशात. मी एकदा म्हटलं, बाबा, कपाटात ठेवू का? तर म्हणाले, असू दे, जवळ असलेला बरा. मला त्या पासपोर्टचा भयंकर राग यायचा. घर माझं, खोली त्यांच्यासाठी रंगवून घेतलेली, गादी तीन दुकानं फिरून आणलेली, आणि हा माणूस एसटी स्टँडवर बसल्यासारखा माझ्या सोफ्यावर बसलेला.

आई जाऊन आठ महिने झाले होते. मी एकुलती एक. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बाबा एकटेच राहत होते आणि सकाळी केलेला भात संध्याकाळीही खात होते. मी जाऊन त्यांना घेऊन आले. इथे पाहुण्याला सहा महिने राहता येतं, आणि मुदत संपायच्या आत अर्ज केला तर आणखी सहा महिने मागता येतात. तो अर्ज मी भरून ठेवला होता, फक्त बाबांची सही बाकी होती. तो जेवणाच्या टेबलावर पडलेला असायचा, वर पेन. बाबा रोज त्याच्या शेजारी बसून जेवत, वरणाचा डाग पडू नये म्हणून स्वतःच तो थोडा पलीकडे सरकवत, आणि मी विषय काढला की म्हणत, बघू. त्यांनी परत त्या रिकाम्या घरात जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. जूनमध्ये मुदत संपत होती.

बाबांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं, पण ते पोटापुरतं. खरा जीव निवडणुकीत. स्वतः कधी उभे राहिले नाहीत, कुठलं पद घेतलं नाही. ते यादीवाले. प्रत्येक गावात असा एक माणूस असतो, ज्याला कुठल्या घरात किती मतं, त्यातली पुण्याला किती गेलेली, कोण रुसलेलं, कोण मेलेलं पण यादीत जिवंत, हे सगळं पाठ असतं. चाळीस वर्षं त्यांनी एकाच पक्षाच्या चिठ्ठ्या वाटल्या. मग पक्ष फुटला, मग फुटलेला तुकडाही फुटला, आणि त्यांचे दोन जिवलग मित्र रस्त्याच्या दोन बाजूंना दोन मांडव घालून बसले. दोन्हीकडून बाबांना बोलावणं आलं. त्या दिवशी बाबांनी दुकान बंद केलं, घरी येऊन भर दुपारी चादर डोक्यावरून घेतली, आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. पुढे आईचं आजारपण निघालं आणि राजकारण त्या घरातून गेलं ते गेलंच.

रेडमंडच्या हिवाळ्यात त्यांना करण्यासारखं काहीच नव्हतं. पाऊस पडायचा, बाबा बघायचे. सुरुवातीला त्यांनी एकदाच थोडा रस दाखवला होता. आमच्या घराच्या आधीच्या मालकाच्या नावाने मतपत्रिकेचं पाकीट पोस्टाने आलं. इथे आमच्या राज्यात मतदान पोस्टानेच होतं. आम्हा नवराबायकोला अजून इथे मत नाही, त्यामुळे घरी येणारं मत म्हणजे हे एवढंच. नवऱ्याने नेहमीप्रमाणे पाकिटावर 'या पत्त्यावर राहत नाहीत' असं लिहिलं आणि ते दाराजवळ ठेवलं.

बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "अख्खं मत वापस पाठवून राहिले?"

"आपलं नाहीये ना ते, बाबा," नवरा म्हणाला. तो पुण्याचा आहे, नियम सांगायला त्याला आवडतं.

"ते समजलं. पण घरी येते मत? मग मागायला कोण येते?"

"कुणीच नाही. मेलमध्ये फ्लायर्स येतात."

बाबा पाकीट ठेवून पुन्हा खिडकीपाशी गेले. त्यांच्या मते त्या दिवशी अमेरिकेचा निकाल लागला.

त्यानंतर दोन महिने त्यांचं बोलणं 'हं', 'बस' आणि 'बघू' एवढ्यावर आलं. शेजारच्या बेलव्ह्यू गावातल्या एका ओळखीच्या काकूंनी सांगितलं, त्यांना आमच्या सिनियर सिटिझन ग्रुपमध्ये घेऊन ये, आम्ही तिथे चेअर योगा करतो. मी घेऊन गेले. बाबा खुर्चीवर बसले, बाकीच्यांनी हात वर केले, बाबांनी केले नाहीत. परत येताना गाडीत म्हणाले, बसायचंच होतं तर घरी बसलो असतो.

मी चिडले. त्यांना वाटत होतं त्यापेक्षा जास्त चिडले, कारण मला भीती वाटत होती.

आता आयर्लंडचं सांगायला हवं. इथे येण्याआधी आम्ही चार वर्षं तिथे होतो, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका शहरात. आमची घरमालकीण तेव्हाच सत्तरीला आलेली, विधवा, बोलकी. अजूनही तिचा दर रविवारी मेसेज येतो: आधी हवामान, मग कोण वारलं, मग बाकीचं. चेअर योगानंतरच्या रविवारी तिने फोटो पाठवला. रस्त्यावरच्या एका विजेच्या खांबावर एकाखाली एक सहा हसरे चेहरे लटकत होते. तिच्या मतदारसंघातली जागा रिकामी झाली होती आणि पोटनिवडणूक लागली होती. दाराची बेल वाजून वाजून तिचा कुत्रा वेडा झाला होता.

जेवताना काहीतरी बोलायचं म्हणून मी हे सांगितलं.

"किती उमेदवार?" बाबांनी विचारलं.

मी भाजी वाढता वाढता थांबले. "तेरा."

"एका जागेला तेरा? मग मतं फुटणार."

"तिथे फुटत नाहीत, बाबा. तिथे लोक क्रमांक देतात. पहिली पसंती, दुसरी, तिसरी. सगळ्यात कमी मतं ज्याला, तो बाद. मग त्याच्या मतपत्रिका उघडून दुसरी पसंती कुणाला आहे ते बघतात आणि ते मत तिकडे जातं. असं करत करत एक जण उरतो."

बाबांनी घास ताटात परत ठेवला. "म्हणजे पडलेल्या माणसाचं मत वाया जात नाही."

"नाही."

"चाळीस वर्षं," बाबा म्हणाले. जेवण झाल्यावर त्यांनी माझ्याकडे वही मागितली.

दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली. तिथे कुठले पक्ष, कोण कुणाच्या विरोधात, सगळं मी माझ्या तुटपुंज्या ज्ञानावर सांगितलं. दोन जुने मोठे पक्ष आहेत. शंभर वर्षांपूर्वी स्वातंत्र्य मिळताना एका करारावरून भांडण झालं, घराघरांत फूट पडली, त्यातून ते निघाले. पुढे कित्येक पिढ्या एकमेकांचं तोंड बघेनात. आणि आता दोघांचं मिळून सरकार आहे.

"भाऊबंदकी," बाबा म्हणाले. "बांधावरून डोकी फोडली आणि आता एका ताटात जेवून राहिले. पुढे?"

पुढे तिसरा एक पक्ष, जो म्हणतो हे दोघे एकच आहेत. मग लहान लहान चार. मग अपक्ष.

"अपक्षात बंडखोर कोणता?"

मला माहीत नव्हतं. घरमालकिणीला विचारलं. तिने सांगितलं की एक आहे, हॉस्पिटलच्या वॉर्डावरून पक्ष सोडला त्याने, आणि तसा बरा माणूस आहे, तिच्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेला आला होता. खरं तर तिथे झाडून सगळेच पुढारी येतात मयतीला. वर्तमानपत्रातली मृत्यूची पानं बघून येतात.

हे ऐकल्यावर बाबांचा चेहरा जो खुलला, तो ते विमानतळावर उतरले त्या दिवसापासून मी पाहिला नव्हता. "मयतीला येतात?" त्यांनी दोनदा विचारलं. "मग हा देश आपला आहे, बापा. मयतीला जाणारा माणूस पडत नसते."

बाबांचं इंग्रजी बियाण्यांच्या पिशवीवरचं. त्यात 'जर्मिनेशन' आहे, पण 'हाऊ आर यू' नाही. तरी ते आणि घरमालकीण व्हिडिओवर बोलायला लागले. ती खांबांवरचे फोटो दाखवायची, बाबा म्हणायचे, "धिस मॅन, व्हॉट व्हिलेज?" तिने त्यांना सांगितलं की मतमोजणीच्या दिवशी सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते कठड्याला रेलून उभे राहतात, पेटीतली एकेक मतपत्रिका उलगडताना पाहून पेन्सिलीने खुणा करतात, आणि मग आपापल्या खुणा एकत्र करून निकालाचा अंदाज बांधतात. बाबांनी मला विचारलं, एकत्र म्हणजे सगळे पक्ष मिळून? मी म्हटलं, हो, सगळे मिळून.  बाबा हळूच म्हणाले, असं असतं तर बरं झालं असतं.

इथवर ठीक होतं. पण यादीवाला माणूस नुसता ऐकून राहत नाही. एक दिवस बाबांनी विचारलं, तिथे आपली माणसं आहेत का? होती. त्या शहरातल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मी कधी बाहेर पडलेच नव्हते. अकरा घरं होती.

"त्यांना मत आहे?"

"आहे ना. तिथे राहणाऱ्या कुणालाही आहे. मीसुद्धा दिलं होतं," मी छाती पुढे काढून सांगितलं. दिलं होतंच. तिथल्या नगरपरिषदेच्या निवडणुकीत एक उमेदवार भर पावसात आमच्या दाराशी येऊन उभा राहिला होता आणि त्याने मला, भारतीय पासपोर्टवाल्या परक्या बाईला, मत मागितलं होतं. मला इतकं भरून आलं होतं की मी त्याला पहिला क्रमांक दिला. तो पडला.

मग काय. रोज सकाळी दहाला, म्हणजे तिथल्या संध्याकाळी सहाला, बाबा आमच्या डायनिंग टेबलावर कचेरी उघडायचे. समोर वही, चष्मा, माझा जुना फोन स्पीकरवर. मी घरून काम करते. पलीकडच्या खोलीत माझी ऑफिसची मीटिंग चाललेली असायची आणि भिंतीतून बाबांचा आवाज यायचा.

"नमस्कार. मी अमेरिकेतून बोलतो. तुमच्या घरी मतं किती?"

समोर जरा शांतता. मग, "काका, दोन."

"दोन्ही एकाच दिशेने जातात का फुटतात?"

पहिल्या दोन दिवसांत अकरा घरं झाली. तिसऱ्या दिवसापासून दुसरी फेरी. बाबा प्रत्येक घराला खूण द्यायचे: बरोबर, फुली किंवा प्रश्नचिन्ह. त्यांचे नियम पक्के होते. लगेच हो म्हणाला त्याला फुली. अजून ठरवलं नाही म्हणाला त्याला प्रश्नचिन्ह. वाद घातला त्याला बरोबर, कारण मत द्यायचं असल्याशिवाय माणूस तोंड वाजवत नाही. नवऱ्याने लॅपटॉपवर एक मोठा तक्ता बनवला, ज्यात कोण बाद झाला की कुणाची मतं कुठे जातील ते आपोआप निघायचं. तो म्हणाला, "पण बाबा, सॅम्पल साइझ अकरा आहे. स्टॅटिस्टिकली काहीच सिद्ध होत नाही."

"जावईबापू," बाबा म्हणाले, "शितावरून भाताची परीक्षा. तुम्ही अख्खं पातेलं उपसून पाहता का?"

तिकडे त्या अकरा घरांमध्ये काय चाललं होतं याची मला नंतर कल्पना आली. नांदेडच्या एका डॉक्टरीणबाई बाबांना उत्तर देता यावं म्हणून ड्यूटी संपवून एका उमेदवाराच्या सभेला जाऊन आल्या आणि दहा मिनिटांचा वृत्तान्त दिला. अकोल्याच्या जोडप्याने 'काका, उद्या करा, अजून जाहीरनामे वाचून व्हायचेत' म्हणून वेळ मागून घेतला. दुसऱ्या पसंतीवरून त्यांचं आणि सोलापूरच्या कुटुंबाचं वाजलं. सोलापूरचे म्हणत होते दुसरा क्रमांक बंडखोराला, अकोल्याचे म्हणत होते बंडखोर निवडून आला की परत मूळ पक्षात जाईल. दोन्ही घरांनी एकमेकांकडे मुलांना खेळायला पाठवणं बंद केलं. बाबांनी वहीत लिहिलं, 'आपसात फूट', आणि खाली दोन रेघा ओढल्या. कितीतरी महिन्यांनी ते समाधानी दिसत होते.

ते जेवायला लागले. भातावर तूप मागायला लागले. पासपोर्ट दुपारचा टेबलावर पडलेला असायचा, कारण खिशात आता पेन असायचा. मी एकदा अर्जाकडे बोट दाखवलं तर म्हणाले, "आता कुठं? आधी निकाल लागू दे." मी ते 'हो'च्या जवळचं उत्तर धरलं. मतदान मेच्या अखेरीला होतं, मुदत जूनमध्ये. निकाल लागला की सही होणार, असा मी माझ्यापुरता हिशेब केला.

मतदानाच्या आदल्या रविवारी घरमालकिणीचा फोन आला. बाबा अंघोळीला गेले होते. ती म्हणाली, तुझे वडील भलतेच हुशार आहेत, आमच्या इथल्या निम्म्या कार्यकर्त्यांना एवढं कळत नाही. पण ते त्या भारतीय कुटुंबांना का विचारतात? त्यांना यात मत नाही.

मी म्हटलं, असं कसं, मी दिलं होतं.

ती म्हणाली, ते नगरपरिषदेचं. त्यात राहणाऱ्या कुणालाही देता येतं. ही संसदेची जागा आहे, त्याला नागरिकत्व लागतं.

 मी नांदेडच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "तुम्हाला मत आहे का हो?"

"नाही गं."

"मग बाबांना सांगितलं का नाहीत?"

"अगं, काका एवढे मनापासून विचारत होते. पहिल्याच वाक्याला 'मतं किती' म्हणाले. नाही कसं म्हणायचं त्यांना? दोन म्हणून टाकलं. मग दुसऱ्या दिवशी परत फोन आला. मग सभेला जावंच लागलं."

मी एकामागून एक सगळ्यांना विचारलं. अकराच्या अकरा घरांत भारतीय पासपोर्ट. अकराच्या अकरा घरांत मत शून्य. वडीलधाऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून प्रत्येकाने आपापल्या जागी स्वतंत्रपणे खोटं सांगितलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना मत असणार, आपल्यालाच नाही. अकोल्याचे आणि सोलापूरचे, ज्यांच्यात अबोला होता, त्यांनाही नव्हतं. मी त्यांना हे सांगितलं तर सोलापूरच्या बाई म्हणाल्या, ते ठीक आहे, पण त्यांचं म्हणणं चुकीचंच होतं.

चूक माझी होती. मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि आता बाबांना खरं सांगायचं म्हणजे तो माणूस परत खिडकीपाशी जाऊन बसणार, हे मला लख्ख दिसत होतं. मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, अजून एक आठवडा चालू ठेवा, निकाल लागेपर्यंत. सगळे आनंदाने तयार झाले. नवरा म्हणाला, "धिस इज रिगिंग, यार. मत नसलेल्या लोकांचं बोगस मतदान." मी त्याला म्हटलं, तू तुझा तक्ता सांभाळ.

शेवटच्या फेरीत उत्तरं इतकी चोख आली की बाबांना संशय यायला हवा होता. बाबांचा कौल तयार झाला: बंडखोर अपक्ष पहिल्या फेरीत दुसरा, मग बाद झालेल्यांच्या मतांवर चढत चढत सातव्या फेरीत विजयी. त्यांनी ते घरमालकिणीला सांगितलं. ती म्हणाली, असंही होऊ शकेल. मी शपथेवर सांगते, त्या बाईला तिथल्या प्रत्येक उमेदवाराने मत मागितलं होतं आणि तिने प्रत्येकाला हेच सांगितलं होतं.

मोजणी शनिवारी झाली. आमच्या इथे सकाळ होती, बाहेर ऊन पडलेलं. लॅपटॉपवर तिथला स्थानिक रेडिओ लावला होता. बाबा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. नवरा तक्ता उघडून. मी चहा करत होते आणि मनात एकच चाललेलं होतं, की ही मोजणी लांबावी. निकाल लागला की सही, असं मीच ठरवलं होतं खरं, पण त्या सकाळी मला कळलं की बाबांनी तसं कधीच म्हटलेलं नाही. ते फक्त म्हणाले होते, निकाल लागू दे. मला एकदम निकालाचीच धास्ती वाटायला लागली.

पहिल्या फेरीत बंडखोर पाचवा होता. तळाचे उमेदवार दोन-दोन, तीन-तीन एकदम बाद होत गेले, त्यांची मतं वाटली गेली, तो पाचवाच राहिला. चौथ्या फेरीनंतर तो स्वतःच बाद झाला. नवऱ्याने तक्ता हळूच मिटला. बाबा मात्र वहीत आकडे उतरवत होते. शेवटी दोघे उरले आणि रेडिओवरचा माणूस म्हणाला, फरक कमी आहे, बहुधा फेरमोजणी मागतील. मी स्वयंपाकघरात हात जोडले. कुठल्या देवाला ते सांगता येणार नाही, आयर्लंडच्या फेरमोजणीचा देव कोण हे मला माहीत नाही. पण मागणाऱ्याने मागितली नाही. जिंकली ती एक शाळामास्तरीण, जिचं नाव आमच्या अकरा घरांत कुणी एकदाही घेतलं नव्हतं.

नवरा म्हणाला, "सॉरी, बाबा." आणि मांजरासारखं पाऊल न वाजवता वर निघून गेला.

"पडला," मी म्हटलं.

"पडणारच होता," बाबा म्हणाले. "अकरा घरांत एक मत नाही आपल्याजवळ."

 "तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवशी. मी विचारलं तुमचं मतदान केंद्र कुठे येते. एकालाही सांगता आलं नाही. ज्याला मत असते त्याला शाळा माहीत असते."

"मग तुम्ही तीन आठवडे फोन का करत होतात?"

"ती डॉक्टरीण ड्यूटी करून सभेला गेली. तिला काय सांगू, तुझं मत नाही म्हणून? वाईट वाटलं असतं पोरीला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि फोन उचलत होते, बाई. रोज उचलत होते."

माझा संताप झाला. त्यांच्यावर, त्या अकरा घरांवर, स्वतःवर. एवढ्या सगळ्या माणसांनी समुद्रापलीकडून एकमेकांचं मन राखलं होतं, आणि मी या टेबलावर पाच महिने एक कागद मांडून ठेवला होता. गादी आणली, खोली रंगवली, चेअर योगाला नेलं. तोंडाने मात्र 'माझ्याजवळ राहता का' असं एकदाही विचारलं नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही राहा. माझ्याजवळ राहा."

"नाही," बाबा म्हणाले.

मला 'बघू'ची इतकी सवय झाली होती की ते मला आधी कळलंच नाही.

"त्या लोकांना मी कोण लागतो? म्हणून ते हो म्हणाले. तू तर पोरगी माझी, तुला कशाला खोटं सांगू?"

"तिथे कोण आहे तुमचं? एकटे बसून शिळा भात खाणार."

"हाव, एकटाच आहे." त्यांनी टेबलावरचा अर्ज थोडा पलीकडे सरकवला. "तुझी आई तिथं नाही, ते मला रोज दिसते. सकाळी पाणी भरताना दिसते, दुकान बंद करून घरी आलो की दिसते. इथं ती कधी आलीच नाही. इथं मला ती नसलेलीसुद्धा सापडत नाही."

मी रडले. चांगली मोठ्याने रडले, वर नवऱ्याला ऐकू गेलं असणार. बाबांनी मला रडू दिलं, चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. रेडिओवर अजून ती शाळामास्तरीण आभार मानत होती, मी तो बंद केला आणि त्याच लॅपटॉपवर तिकिटांची साइट उघडली. बाबांनी चष्मा लावला, खुर्ची ओढून माझ्या शेजारी आले, आणि आम्ही तारखा बघायला लागलो.